कुणाचं हाड?

"कुणाचं हाड घालू?" नेर्लेकर मॅडमनी विचारलं. मी त्यांच्या खुर्चीत आडवी पडलेली, तोंड उघडं, डोळ्यांवर दिव्याचा झोत. मला वाटलं, बाई चेष्टा करतेय.

मी तोंड मिटलं आणि उठून बसले. "म्हंजे?"

"म्हणजे मालनताई, तुमचे वरचे पुढचे चार दात गेलेत. तिथं नवे बसवायचे तर आधी स्क्रू रोवायचे, आणि स्क्रू रोवायला भिंत पाहिजे. ती उरलेली नाही." त्यांनी कॉम्प्युटरवर माझ्या जबड्याचा फोटो दाखवला. "दात गेला की त्याला धरणारं हाड झिजायला लागतं. पुढचं हाड तर मुळातच पापडासारखं पातळ असतं. तुमचं मारानं फुटलंही होतं. आणि तुम्ही दोन वर्षं तशाच राहिलात."

"हौसेनं न्हाई राहिले."

"मी कुठं तसं म्हणतेय?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आधी तिथं हाड भरू. ते धरलं की स्क्रू, आणि मग दात. हाड तीन ठिकाणचं मिळतं. एक तुमचंच, हनुवटीतून काढायचं, म्हणजे दोन जखमा. दुसरी गाईच्या हाडाची भुकटी, साफ करून, तापवून बाटलीत भरून येते. तिसरं मेलेल्या माणसानं दान केलेलं. तिन्ही चालतात. ठरवायचं तुम्ही."

"आणि ते दुसऱ्याचं हाड माझ्यात मुरतं?"

"तुमचं हाड त्याच्यावर चढत जातं. पुढं पुढं कुठं काय संपलं आणि कुठं काय सुरू झालं, मलाही सांगता यायचं नाही."

"मग हे द्राक्षाचं कलम झालं की. खाली रानटी खुंट लावायचा, त्याच्यावर थॉमसनचं कलम भरायचं. मूळ एकाचं, घड दुसऱ्याचा. दिवसभर त्याच बागांत राबते मी."

मॅडम मनापासून हसल्या. "अगदी तेच. आता मी सगळ्या पेशंटना असंच सांगणार. बोला, कुणाचं?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"आणि एक लक्षात ठेवा. हे केल्यावर फुंकायचं नाही. चूल नाही, फुगा नाही, आणि तुमची ती सनई तर अजिबात नाही. मी हो म्हणेपर्यंत."

"दोन वर्षं थांबले की. अजून थोडं."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी त्या दिवशी काय उत्तर दिलं, ते मॅडमना माहीत आणि मला माहीत. आमच्या अख्ख्या चिंचणवाडीला ते जाणून घ्यायचं होतं. त्याचीच ही गोष्ट.

आम्ही वाजंत्री. खंडोबाच्या देवळात सनई आमची. बापाची, त्याच्या बापाची, त्याच्याही बापाची. जन्म देवाच्या दारात, पण गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत आमचा पाय कधी पडला नाही. आमची जागा वेशीवरच्या नगारखान्यात, नाहीतर पालखीच्या पुढं चार पावलं. देवाला आमचा सूर चालतो, सावली चालते का ते कुणी विचारलं नाही आणि आम्हीही कधी सांगितलं नाही. माझा थोरला भाऊ शिद्राम. त्याला मागचा सूर धरता यायचा, पण चाल त्याच्या बोटांत हलायची नाही. म्हणून आबानं, आमच्या बापानं, सनई माझ्या हातात दिली. गावानं थोडी तोंडं वाकडी केली, बाईमाणूस देवापुढं फुंकणार म्हणून. आबा म्हणाला, "तुमच्यातलं कोण फुंकतंय? या पुढं." कोणी आलं नाही. मी वाजवायला लागले.

दात कसे गेले, ते गावात सगळ्यांना माहीत आहे. तरी ते नीट कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

चंपाषष्ठीची पालखी निघालेली. पुढच्या दांडीला खांदा द्यायचा मान कुणाचा, यावरून नलवड्यांच्या दोन भावक्यांत दरवर्षी ढकलाढकली होते. देव मधे लटकतो आणि हे मानासाठी एकमेकांच्या बरगडीत कोपर घालतात. त्या वर्षी ढकलाढकली जरा जास्तच झाली. पालखी कलली आणि दांडीचं पितळी टोक माझ्या सनईवर बसलं. सनई माझ्या तोंडात होती. ती तशीच आत घुसली.

त्याच हिसक्यात देवस्थान समितीचे अध्यक्ष सर्जेराव नलवडे दीपमाळेच्या ओट्यावर तोंडावर आपटले. त्यांचे पुढचे दोन दात गेले. लगेच जीप आली. सर्जेतात्यांना घालून मिरजेला गेली. त्या जीपमध्ये मागं दोन माणसं बसतील एवढी जागा होती. मी बघितली होती. तोंडात मूठभर भंडारा दाबून मी दीपमाळेला टेकून बसले होते, मला सगळं दिसत होतं. शिद्रामनं मला एसटीनं नेलं. सरकारी दवाखान्यात ओठ शिवला आणि घरी पाठवलं.

महिन्यानं सर्जेतात्या बघायला आले. अंगणातच उभे राहून म्हणाले, "देवाच्या पायाशी रक्त सांडलं, मालन. भाग्य समज."

"तात्या, तुमचंबी सांडलं की. तुम्ही का भाग्य बुजवायला मिरजेला जाताय?"

ते आल्या पावली परत गेले. वर्षाच्या आत ते सगळे दात दाखवून हसायला लागले. आणि माझं? ओठाला मागून आधार नाही, सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत धरली की वारा फुस्सदिशी बाहेर. म्हातारीनं दुधावरची साय फुंकावी तसा आवाज. समितीनं नगारखान्यात भोंगा बसवला आणि पेनड्राइव्ह लावला. कुठल्या तरी लग्नाच्या हॉलमध्ये वाजवलेली सनई सकाळ-संध्याकाळ देवाला ऐकवायला लागले. पेनड्राइव्हला तोंड नसतं, ही त्याची मोठीच सोय. त्यात शिद्रामचाही सूर गेला. तो पोल्ट्रीवर कामाला जायला लागला. कोंबड्यांची पोती उचलून यायचा आणि भिंतीवर टांगलेल्या त्याच्या सनईकडं बघत जेवायचा.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंचं नाव मला सांगितलं ते सर्जेतात्यांच्या बायकोनं. वत्सलावहिनी. त्यांच्याच द्राक्षबागेत मी घडातले मणी विरळायला होते. दुपारी भाकरीला बसलो, तेव्हा माझं चावणं त्या बघत होत्या. भाकरीचा तुकडा मी बाजूच्या दाढेत सरकवायचे, कुत्रं हाडूक फिरवतं तसं.

"मालन, नेर्लेकर बाईकडं जा. ह्यांचे तिथंच बसवल्यात."

"तात्यांचं हाड चांगलं असंल. माझं झिजलं असणार."

"कुठलं चांगलं? सगळं तंबाखूनं पोखरलेलं. भुकटी भरावी लागली." वहिनींनी इकडं तिकडं बघितलं. ओळीत आणखी कुणी नव्हतं. "गाईची. मी तिथंच हुते. बाईनं बाटली समोर धरून सगळं समजावलं. ह्यांनी मान हलवली आणि बाहेर आल्यावर मला ताकीद दिली, की हे घराबाहेर जायचं न्हाई."

"मग मला का सांगताय?"

"तुला सांगितलं म्हंजे कुणाला सांगितलं व्हय? तू तर फुंकायचंबी बंद केलंयस." आणि पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. बोळक्यानं हसले मी. दोन वर्षांत पहिल्यांदा.

पैसे कुठून आणले ते विचारू नका. सर्जेतात्यांचे नव्हते, देवळाचे नव्हते, एवढं पुरे.

हाड भरलं, त्यानंतर माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. नुसती पेज प्यायची, बोलायचं कमी. पण दळण कुणी आणायचं? मी गिरणीत गेले. तिथं बायकांची रांग.

"अगंबाई! कुणी मारलं गं?"

"कुणी न्हाई. हाड बसवलं वरच्या जबड्यात."

"हाड? कुणाचं?"

इथं माझं चुकलं म्हणतात सगळे. सरळ सांगायचं होतं, नाहीतर खोटं सांगायचं होतं. पण मला त्या प्रश्नाचं हसू आलं. टाके ओढले गेले, कळ आली, आणि मी म्हणाले, "कुणाचं का असंना. धरलं म्हंजे झालं."

माझं पीठ पडायच्या आत ते वाक्य देवळापर्यंत पोचलं होतं.

पुढं स्क्रू झाले, दात झाले. चंपाषष्ठी तोंडावर आली तेव्हा मॅडमनी आरसा हातात दिला. चार पांढरे दात. माझेच वाटत होते, फक्त थोडे शहाणे. "आता वाजवा," त्या म्हणाल्या, "पण बेताबेतानं." मी घरी येऊन पत्ती भिजत घातली. पण ओठाला लावली नाही. खरं सांगते, भीती वाटली. एवढं सगळं करून पुन्हा फुस्स झालं तर?

तेवढ्यात शिद्राम देवळाकडून आला. चेहऱ्यावर अर्धा आनंद.

"तात्या म्हणत्यात, मालनला वाजवू दे. भोंगा काढू."

"आणि?"

"आणि काय?"

"दादा, तुझं तोंड अर्धंच हसतंय. राहिलेलं अर्धं सांग."

त्यानं चप्पल काढली, पुन्हा घातली. "उद्या दुपारी देवळात समिती बसणार हाय. तू यायचं आणि भंडारा उचलायचा. तोंडात जनावराचं काही न्हाई, मेलेल्याचं काही न्हाई, एवढं म्हणायचं. सुटलं."

आमच्याकडं भंडारा उचलणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगावं लागेल. ताटलीतली हळद मुठीत घ्यायची आणि देवाकडं तोंड करून बोलायचं. कोर्टात माणूस सराईतपणे खोटं बोलतो, पोलिसांत बोलतो, बायकोशी तर रोज बोलतो. भंडारा मुठीत घेऊन बोलत नाही. बांधाची भांडणं, चोरीचे आळ, पोरीबाळींवरची किटाळं, सगळं त्या ताटलीवर मिटतं. खोटा भंडारा उचलला तर वंश बुडतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. आणि ते ऐकून हात थरथरला नाही असा माणूस मी आमच्या गावात बघितलेला नाही.

"तुझंच हाड असंल तर उचल, मोकळी हो," शिद्राम म्हणाला.

"आणि नसंल तर?"

"नसंल तर..." तो भिंतीवरच्या सनईकडं बघायला लागला. "नसंल तर मला सांगू नकोस, मालन. मला परत कोंबड्या उचलायच्या न्हाईत."

माझा भाऊ वाईट नाही. गरीब माणसाला घाबरायला वाईट असावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपात सतरंज्या अंथरलेल्या. एका बाजूला समिती, एका बाजूला गाव, खांबांच्या पलीकडं बायका. वत्सलावहिनी पहिल्या रांगेत, मांडीवर नैवेद्याच्या द्राक्षांची परडी. मधोमध पाटावर पितळी ताटली, भंडाऱ्यानं शिगोशीग भरलेली. मी पिशवीतून सनई काढून मांडीवर घेतली आणि मंडपाच्या खालच्या पायरीवर बसले. देवळात आलो की तीच आमची जागा. शिद्राम माझ्या मागं, त्याचीही सनई कापडात गुंडाळून आणलेली. आशा वाईट.

सर्जेतात्यांनी घसा साफ केला. ते समितीत बोलताना वर्तमानपत्रासारखं बोलतात.

"मालन, तुझ्या कलेबद्दल कुणाला शंका नाही. पण देवापुढं फुंकायचं तोंड आहे. त्यात काय बसवलंय, हे देवस्थानला माहीत पाहिजे. गावात चर्चा आहे."

"चर्चा कोण करतंय, तात्या?"

"लोक."

"लोकांतल्या एकानं हात वर करावा. मी त्याला सांगते."

कुणी हात वर केला नाही. बायकांत खसखस झाली. धोंडी गुरव, देवाचा पुजारी, मधे पडला. तो तसा मऊ माणूस. "मालन, एवढं का ताणतीस? बाटलीत काय काय भरून येतं म्हणत्यात. गाईचं म्हणत्यात. देवाचं तोंड हाय ते."

"धोंडीदादा, तुमच्या नगाऱ्यावर काय ताणलंय? टिपरी मारता तेव्हा कुणाची पाठ बडवता?"

"ते परंपरेनं शुद्ध झालंय," तात्या म्हणाले. हे उत्तर त्यांच्याकडं तयारच होतं.

"मग माझं कधी शुद्ध हुणार? माझ्या पणतीच्या येळंला?"

मागं कुणी तरी हसलं. तात्यांचा आवाज चढला. "वाद नको. मालन, साधी गोष्ट आहे. भंडारा उचल, एक वाक्य बोल. खरं असेल तर भ्यायचं काय?"

शिद्राम मागून पुटपुटला, "उचल की गं बये. उचल."

मी उठले. पायऱ्या चढून वर आले. मंडपात मी कधी आले नव्हते. फरशी गार होती. ताटलीपाशी बसले. भोंगा बंद केला होता.

ताटलीतल्या हळदीत मला माझे दात दिसत नव्हते, पण जाणवत होते. जिभेनं मी त्यांच्या मागची हिरडी चाचपली. तिथं हाड होतं. घट्ट. कुणाचं का असेना, मला धरून बसलं होतं. आणि ही माणसं मला सांगत होती की त्याला बाहेर काढून ओळख परेड कर.

एक वाक्य. सोपं होतं. म्हणू शकले असते किंवा नसते, तो प्रश्नच नव्हता. मी ते वाक्य आज बोलले, तर उद्या एखाद्याला विचारतील की ऑपरेशनच्या वेळी रक्त कुणाचं चढवलं. परवा कुणाच्या पोरीला विचारतील, पोटात कुणाचं आहे. ताटली एकदा माझ्या तोंडापुढं धरली की ती गावातल्या प्रत्येक खालच्या पायरीवर फिरणार. वरच्या पायरीवर कधीच नाही.

आणि मला वरच्या पायरीवरचं एक तोंड माहीत होतं.

मी खांबापलीकडं बघितलं. वत्सलावहिनी माझ्याकडं बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी तोंड उघडलं तर त्यांच्या घरात काय होईल, ते त्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं. त्यांनी माझ्या बोळक्याला हसवलं होतं. त्यांचं नाव माझ्या तोंडून जाणार नव्हतं. ते तोंड कुणाच्याही हाडाचं असो.

"उचलते," मी म्हणाले.

शिद्रामनं मोठ्यानं श्वास सोडला.

"उचलते. पण त्या दिवशी पालखीच्या हिसक्यात दोन तोंडं फुटली. सगळ्या गावानं बघितलं. दोघांचे दात एकाच दवाखान्यात बसले. म्हणून दोघांनी एकदम उचलू. तात्या, या. बसा इथं माझ्यासमोर."

कुणाला आधी कळलंच नाही. मग एकेक मान वळायला लागली. सगळ्यांनी त्यांना जीपमधून जाताना बघितलं होतं, नवे दात घेऊन येताना बघितलं होतं. एवढ्या वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की त्या तोंडालाही हाच प्रश्न विचारता येतो.

"माझा काय संबंध?" तात्या म्हणाले. वर्तमानपत्र संपलं होतं. "मी काय देवापुढं फुंकतो व्हय?"

"आरती म्हणता. मानाचं पहिलं खोबरं तुमच्या तोंडात पडतं. माझ्या सनईतून नुसता वारा जातो तात्या, तुमच्या तोंडात देवाचा प्रसाद जातो."

"मालन, मर्यादा सोडू नकोस."

"एक वाक्य हाय. साधी गोष्ट हाय. खरं असंल तर भ्यायचं काय?"

त्यांचेच शब्द होते. ते ऐकून धोंडी गुरवानं खाली मान घातली, म्हणजे हसू लपवलं. तात्या उठले. मला वाटलं, तडक बाहेर जातील. पण सगळं गाव बघत होतं, आणि गाव बघत असलं की नलवड्यांना मागं वळता येत नाही. तोच त्यांचा मान आणि तोच त्यांचा फास. ते पुढं आले. माझ्यासमोर बसले. हात ताटलीकडं नेला. बोटांना भंडारा लागला. चिमूट पिवळी झाली. मूठ काही मिटेना.

मी त्यांच्या हाताकडं बघत होते. तो माणूस खोटा होता, लबाड होता, माझ्या अंगणात उभं राहून त्यानं मला भाग्य शिकवलं होतं. पण तो देवाला भीत होता. खरोखर भीत होता. त्या हाताला घाम सुटला होता.

आणि तेव्हा खांबापलीकडून आवाज आला. बारीक, पण मंडपभर गेला.

"उचला की हो. का थांबलासा?"

वत्सलावहिनी. परडी मांडीवर तशीच. चेहऱ्यावर काही नाही, जेवायला वाढलंय असं सांगावं तसा आवाज.

तात्यांनी बायकोकडं बघितलं. लग्नाला किती वर्षं झाली असतील, तेवढ्या वर्षांत त्यांनी तिच्याकडं असं बघितलं नसेल. आधी बायका हसल्या. मग मागची पोरं. मग समितीतल्या दोघांनी रुमाल तोंडाला लावले.

तात्यांनी हात मागं घेतला. धोतराला पुसला. धोतर पिवळं झालं.

"जाऊ दे," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "झालं ते झालं. मालन, वाजव तू. समितीची हरकत न्हाई."

इथं मी गप्प बसायला हवं होतं म्हणतात. काम झालं होतं. पण मला ते 'जाऊ दे' गिळवेना. जाऊ द्यायला हे कोण?

"तुमची हरकत न्हाई म्हणून वाजवत न्हाई, तात्या. तुमची हरकत असती तरी वाजवलं असतं. पायरीवर, रस्त्यावर, तुमच्या दारात. ही सनई माझ्या बापाची, आणि तोंड माझं. त्यात काय हाय, ते ना तुम्हाला सांगणार, ना देवाला. देवाला विचारायचं असतं तर दांडी बसली तेव्हाच विचारलं असतं."

मी ताटलीतून चिमूटभर भंडारा घेतला. मूठ नाही, चिमूट. आण घेतली नाही. कपाळाला लावला, थोडा सनईच्या खालच्या पितळी प्याल्याला लावला, आणि मंडपातच, गाभाऱ्याच्या उंबऱ्यासमोर उभी राहिले. खाली गेले नाही. कुणी जा म्हणालं नाही.

पत्ती ओठांत धरली.

पहिला सूर फुस्स गेला.

अगदी तसाच, दुधावरच्या सायीसारखा. मागं एक पोरगं खिदळलं. सर्जेतात्यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत जी आशा आली, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग आठवलं, एवढी वर्षं मी ओठ आत ओढायची सवय लावून घेतली होती. तिथं काही नाही असं समजून. आता तिथं काही होतं. ओठ सोडला. त्या दातांवर टेकू दिला, सगळा भार, जसा आपल्या माणसावर देतात.

सूर लागला. आधी कापरा, मग सरळ. चांगला नव्हता. आबानं ऐकला असता तर टपली मारली असती. पण तो माझा होता, गरम होता, आणि कुठल्या हॉलमधून आलेला नव्हता. शिद्रामला कापड सोडायला वेळ लागला. गाठ घट्ट बसली होती. मग मागून त्याचा सूर आला आणि माझ्या सुराला येऊन चिकटला. धोंडी गुरवानं, कुणी न सांगता, मंडपातल्या नगाऱ्यावर टिपरी टाकली.

सर्जेतात्या अजून समितीवर आहेत. दात त्यांचेही शाबूत आहेत, माझेही. वत्सलावहिनींना त्या दिवशी घरी काय ऐकावं लागलं, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या बागेत आल्या, माझ्या शेजारी बसून भाकरी सोडली आणि म्हणाल्या, "लई दिवसांनी ह्यांनी माझ्याकडं बघितलं बघ." नैवेद्याची उरलेली द्राक्षं त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवली. मी पुढच्या दातांनी एकेक मणी फोडून खाल्ला.

भोंगा काढला. नगारखान्यात त्याच्या तारा अजून लोंबतात.

तरी दर चंपाषष्ठीला कुणी ना कुणी जवळ येतंच. नवी सून असते, मुंबईहून आलेला भाचा असतो, कधी कधी चांगला शिकलेला मास्तर असतो. आवाज बारीक करून विचारतो, "मालनताई, आता तर सांगा. कुणाचं हाड?"

मी म्हणते, सांगते की. त्यात काय. आधी तू तेवढी ताटली घे, मूठभर भंडारा उचल, आणि देवाकडं तोंड करून म्हण, की माझ्या अंगात दुसऱ्याचं काहीही नाही.

अजून कुणी उचललेला नाही.